व्हिटलच्या टर्बाइनचा पीळ : ब्लेड जॉमेट्रीचे शब्द एका भांडणातून समजून घेऊ

टर्बोमशिनरी म्हणजे टर्बाइन, कॉम्प्रेसर यांसारखी फिरत्या ब्लेडांची यंत्रं शिकणाऱ्या पोरांना ब्लेडचे शब्द पाठ असतात. कॉर्ड म्हणजे काय, कॅम्बर म्हणजे काय, स्टॅगर कुठून मोजायचा, सगळं येतं, पण समोर कोरा कागद ठेवला आणि म्हटलं की आता या टर्बाइनचं ब्लेड काढ, तर हात थांबतो. कारण पुस्तकात हे शब्द एकाच चित्रात बाण दाखवून दिलेले असतात आणि ते चित्र ब्लेडच्या एका कापाचं असतं. खरं ब्लेड बुडापासून टोकापर्यंत बदलत जातं आणि ते का बदलतं हे कळल्याशिवाय त्या शब्दांचा काही उपयोग नाही असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून एकच प्रकरण घेतो आणि त्यातूनच सगळे शब्द बघतो. प्रकरण आहे फ्रँक व्हिटलच्या पहिल्या जेट इंजिनाच्या टर्बाइनचं.

थोडक्यात पार्श्वभूमी. व्हिटल ब्रिटिश हवाई दलातला अधिकारी, जन्म 1907 चा. जानेवारी 1930 मध्ये त्याने टर्बोजेटच्या पेटंटचा अर्ज केला. 1935 मध्ये नूतनीकरणाची 5 पाउंड फी भरली गेली नाही आणि ते पेटंट हातचं गेलं. 1936 मध्ये पॉवर जेट्स नावाची छोटी कंपनी उभी राहिली आणि इंजिन बनवायचं काम रग्बी गावातल्या ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन म्हणजे बीटीएच या कंपनीकडे गेलं. बीटीएच वाफेची टर्बाइन बनवणारी जुनी, मोठी आणि नाव असलेली कंपनी. 12 एप्रिल 1937 ला इंजिन पहिल्यांदा चाललं. टर्बाइन एकाच स्टेजचं, म्हणजे फिरत्या ब्लेडांचं एकच चक्र असलेलं, त्यात 66 ब्लेड, ब्लेडच्या मध्यावरचा व्यास 14 इंच, ब्लेडची उंची 2.4 इंच, डिझाइनचा वेग मिनिटाला 17,750 फेरे, आणि एवढ्याशा चक्राने 3000 हॉर्सपॉवरच्या वर ताकद काढून कॉम्प्रेसर, म्हणजे इंजिनात येणारी हवा दाबणारा भाग, फिरवायचा होता. तेव्हाच्या वाफेच्या टर्बाइनवाल्यांना एका स्टेजमधून एवढं काम काढणं हेच मुळात अवघड वाटण्यासारखं होतं.

भांडण निघालं ते ब्लेडवरून नाही, थ्रस्ट बेअरिंगवरून, म्हणजे अक्षाच्या दिशेचा जोर पेलणाऱ्या बेअरिंगवरून. व्हिटलने हिशोब केला होता की टर्बाइनच्या चक्रावर अक्षाच्या दिशेने येणारा जोर कमी असेल, आणि बीटीएचचे इंजिनिअर त्यापेक्षा बराच जास्त जोर धरून चालले होते. हा फरक कुठून आला हे शोधताना व्हिटलच्या लक्षात आलं की त्यांनी ब्लेडच्या आधीचा गॅसचा दाब बुडापासून टोकापर्यंत सारखाच धरलाय. त्याला धक्काच बसला, कारण इतकी वर्षं टर्बाइन बनवणारी माणसं गोल फिरणाऱ्या गॅसचा दाब बाहेरच्या बाजूला वाढतो हे धरत असणारच असं तो गृहीत धरून चालला होता.

आता इथे थांबून ब्लेडकडे बघूया.

चक्राच्या ज्या गोल पृष्ठभागातून ब्लेड बाहेर निघतं तो हब, ब्लेडचं आतलं टोक ते रूट, बाहेरचं ते टिप. व्हिटलच्या टर्बाइनचे आकडे मिलिमीटरमध्ये काढले तर हबचा व्यास साधारण 295, मधला 356, टिपचा 417 आणि ब्लेडची उंची 61 येते. हबचा व्यास भागिले टिपचा व्यास हे हब-टिप रेशो, इथे ते 0.71 च्या आसपास आहे. ही एकच संख्या सगळ्या प्रकरणाची चावी आहे. वाफेच्या टर्बाइनच्या सुरुवातीच्या स्टेजमध्ये चक्र मोठं आणि ब्लेड आखूड असतं, रेशो 0.9 च्या वर जातो, मग रूट आणि टिपमधला फरक इतका कमी असतो की मध्यावरचा हिशोब सगळीकडे लावला तरी फारसं बिघडत नाही, आणि सरळ, पीळ नसलेलं ब्लेड चालून जातं. बीटीएचवाल्यांची सवय तिथून आलेली होती आणि त्यांच्या कामात ती सवय फळत होती हेही खरं, त्यामुळे त्यांना अडाणी म्हणणं चुकीचं ठरेल. पण 0.71 ला ती सवय चालत नाही.

का चालत नाही? चक्र 17,750 फेऱ्यांनी फिरतंय, म्हणजे ब्लेडचा स्वतःचा वेग रूटला सेकंदाला 274 मीटर, मध्यावर 330, आणि टिपला 387. हा फरक बीटीएचनेही धरला होताच, तो कुणालाही दिसतो. प्रश्न गॅसचा होता. गॅस चक्राकडे येताना गोल फिरत येतो. पहिल्या मॉडेलमध्ये तर नोझलची ब्लेडंच नव्हती, गोगलगाईच्या शंखासारख्या स्क्रोलमधून गॅस फिरत यायचा. गॅसच्या वेगाचा जो भाग चक्राच्या परिघाच्या दिशेने असतो त्याला स्वर्ल म्हणतात, बरेच जण व्हर्ल व्हेलॉसिटी म्हणतात. फिरणाऱ्या गॅसला वळणावर ठेवायला आतल्या बाजूला ढकलणारा जोर लागतो, तो येतो दाबातल्या फरकातून, म्हणून बाहेर दाब जास्त आणि आत कमी. किती जास्त? मध्यावर स्वर्ल सेकंदाला 460 मीटर धरला तर वळणावरचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सव्वा लाख पटीच्या जवळ जातं. एवढा मोठा परिणाम सोडून देऊन दाब सगळीकडे सारखा म्हणणं शक्यच नाही.

व्हिटलची भूमिका होती की गॅसला व्होर्टेक्ससारखं, म्हणजे भोवऱ्यासारखं वागू द्या, म्हणजे स्वर्ल गुणिले त्रिज्या हा गुणाकार रूटपासून टिपपर्यंत कायम ठेवा. यालाच फ्री व्होर्टेक्स डिझाइन म्हणतात. त्रिज्या कमी झाली की स्वर्ल वाढतो. याचे दोन फायदे आहेत, एक म्हणजे अक्षाच्या दिशेचा वेग सगळ्या उंचीवर सारखा राहतो, आणि दुसरं म्हणजे प्रत्येक त्रिज्येवर किलोमागे सारखंच काम निघतं, त्यामुळे थरांमध्ये ओढाताण होत नाही.

आता आकडे लावून बघू. व्यास, वेग आणि ताकद ही त्या इंजिनाची, पण स्वर्ल आणि अक्षीय वेग मी समजावण्यासाठी धरलेत. मध्यावर येणारा स्वर्ल 460, अक्षीय वेग 300, बाहेर पडताना उलट दिशेचा स्वर्ल 114. डिझाइनप्रमाणे सेकंदाला साधारण 26 पाउंड हवा आणि 3000 हॉर्सपॉवर घेतली तर हे कामाशी जुळतं. फ्री व्होर्टेक्सने रूटला स्वर्ल 555 होतो आणि टिपला 393.

ब्लेडवर बसून बघितलं तर काय दिसतं हे महत्त्वाचं, कारण ब्लेडला गॅसचा जमिनीवरून मोजलेला वेग कळत नाही, त्याला स्वतःच्या वेगाच्या तुलनेतला वेग लागतो. हा वजाबाकीचा त्रिकोण म्हणजे व्हेलॉसिटी ट्रँगल आणि सगळी ब्लेड जॉमेट्री यातून निघते. रूटला 555 वजा 274 म्हणजे 281, अक्षीय 300, तर गॅस अक्षापासून 43 अंशावर येतो. मध्यावर 23 अंश. टिपला 393 वजा 387, उरले जेमतेम 6, म्हणजे गॅस जवळजवळ सरळ, 1 अंशावर. रूटपासून टिपपर्यंत 42 अंशांचा फरक!

आणि स्वर्ल सगळीकडे 460 च धरला तर? रूटला 32 अंश, टिपला 14, फरक फक्त 18. तर मग बघा, ब्लेडचा वेग बदलतो एवढंच धरून पीळ दिला तर 18 अंश, आणि गॅसही बदलतो हे धरलं तर 42, दुपटीपेक्षा जास्त. व्हिटलचं म्हणणं हेच होतं की ब्लेडला बीटीएचच्या ड्रॉइंगपेक्षा बराच जास्त पीळ हवा. बीटीएचच्या ड्रॉइंगमधले नेमके अंश माझ्या या हिशोबातले नव्हेत, पण चूक कुठल्या बाजूची होती ते यातून दिसतं.

आता शब्द एकेक करून जागेवर बसतात. ब्लेडचा एका त्रिज्येवरचा काप म्हणजे सेक्शन. त्याची गॅसला पहिल्यांदा भेटणारी कड लीडिंग एज, गॅस सोडणारी ट्रेलिंग एज, आणि दोघांना जोडणारी सरळ रेघ ती कॉर्ड. सेक्शनच्या जाडीच्या मधोमध जाणारी वाकडी रेघ म्हणजे कॅम्बर लाइन. या कॅम्बर लाइनची लीडिंग एजपाशी जी दिशा असते तो इनलेट मेटल अँगल, ट्रेलिंग एजपाशी असते तो एक्झिट मेटल अँगल, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ एकूण किती वळली तो कॅम्बर अँगल. इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो, मेटल अँगल आणि फ्लो अँगल वेगवेगळे ठेवा, नोट्समध्ये, कोडमध्ये, ड्रॉइंगवर, सगळीकडे. मेटल अँगल पोलादाचा, फ्लो अँगल गॅसचा. आत येताना दोघांतला फरक म्हणजे इन्सिडन्स, बाहेर जाताना फरक म्हणजे डेव्हिएशन. अर्ध्याहून जास्त गोंधळ फक्त हे दोन मिसळल्यामुळे होतात.

18 अंशांच्या पिळाचं ब्लेड 42 अंशांच्या गॅसमध्ये ठेवलं तर मध्यावर इन्सिडन्स शून्य, पण रूटला अधिक 11 आणि टिपला उणे 13. टर्बाइनमध्ये गॅस ब्लेडमधून जाताना वेग घेत असतो म्हणून ते बऱ्यापैकी सहन होतं, इंजिन चालतं, फक्त तोटा होतो आणि तो नेमका कुठे होतोय हे लवकर कळत नाही. कॉम्प्रेसरमध्ये एवढा इन्सिडन्स आला असता तर ब्लेड सरळ स्टॉल झालं असतं, म्हणजे प्रवाह ब्लेडला सोडून गेला असता. ए. ए. ग्रिफिथने 1926 मध्येच दाखवलं होतं की तेव्हाच्या अक्षीय कॉम्प्रेसरची ब्लेडं स्टॉल अवस्थेत काम करताहेत आणि त्यांच्याकडे विमानाच्या पंखासारखं एअरफॉइल म्हणून बघायला पाहिजे. म्हणजे ब्लेडच्या आकाराकडे हवेच्या नजरेने बघायचा विचार इंग्लंडमध्ये आधीच होता, तो टर्बाइनच्या कारखान्यात पोहोचला नव्हता.

पुढे स्टॅगर. कॉर्डने अक्षाशी केलेला कोन म्हणजे स्टॅगर अँगल, पण काही जण, खासकरून वाफेच्या टर्बाइनची आणि पंपाची जुनी ड्रॉइंगं, कोन परिघाच्या दिशेपासून मोजतात. तुमच्या हातात 30 अंश लिहिलेलं ड्रॉइंग आलं तर ते 30 आहे की 60 हे विचारल्याशिवाय पुढे जाऊच नका. आपल्या उदाहरणात सगळे कोन अक्षापासून आहेत. बाहेर पडताना गॅस ब्लेडच्या तुलनेत रूटला 54, मध्यावर 56, टिपला 58 अंशांवर उलट बाजूला जातो, म्हणजे बाहेरचा कोन फारसा बदलत नाही. डेव्हिएशन बाजूला ठेवून कॅम्बर काढला तर रूटला 97, मध्यावर 79, टिपला 59 अंश. कॅम्बर लाइन वर्तुळाच्या चापाची धरली तर स्टॅगर रूटला 5, मध्यावर 16, टिपला 28 किंवा 29. आता डोळ्यासमोर ब्लेड उभं राहतंय का? रूटला खूप वाकलेलं आणि जवळजवळ अक्षाच्या दिशेने उभं, टिपकडे जाताना चपटं होत होत आडवं पडत जाणारं. ट्विस्ट ट्विस्ट म्हणतात तो हा, प्रत्येक सेक्शनचा स्टॅगर वेगळा. आणि नीट बघितलं तर स्टॅगर बदललाय फक्त 23 अंशांनी, बाकीचं काम कॅम्बरच्या बदलाने केलंय, म्हणून एकच सेक्शन घेऊन नुसतं पिळलं की झालं ब्लेड, असं होत नाही.

बाहेरच्या कोनासाठी टर्बाइनवाले अजून एक माप वापरतात ते म्हणजे थ्रोट. दोन शेजारच्या ब्लेडमधली सगळ्यात अरुंद जागा. दोन ब्लेडमधलं परिघावरचं अंतर म्हणजे पिच. 66 ब्लेडं असल्यामुळे पिच रूटला 14 मिलिमीटर, मध्यावर साधारण 17, टिपला जवळजवळ 20. थ्रोट भागिले पिच हा बाहेरच्या कोनाचा कोसाइन असतो असं ढोबळपणे धरतात, म्हणजे मध्यावर 56 अंशांसाठी थ्रोट साधारण 9.5 मिलिमीटर हवा. तो अर्धा मिलिमीटर मोठा झाला तर कोन दोन अंशांनी सरकतो आणि सगळ्या चक्राचा फ्लो बदलतो. वर्कशॉपमध्ये ब्लेड बसवल्यावर थ्रोट मोजतात तो याच्यासाठी, नुसता ब्लेडचा आकार बरोबर असून भागत नाही. कॉर्ड भागिले पिच म्हणजे सॉलिडिटी, ती रूटला जास्त आणि टिपला कमी होते, कारण कॉर्ड तीच ठेवली तरी पिच वाढत जातो. ब्लेडची उंची भागिले कॉर्ड म्हणजे आस्पेक्ट रेशो.

परत भांडणाकडे. थ्रस्ट बेअरिंगचं काय झालं? स्टेजमध्ये होणाऱ्या एकूण कामातला किती भाग फिरत्या ब्लेडमधल्या दाबाच्या घसरणीतून येतो त्याला रिअॅक्शन म्हणतात. आपल्या आकड्यांनी रिअॅक्शन रूटला 24 टक्के, मध्यावर 48, टिपला 62 येते. म्हणजे रूटपाशी गॅसचा बराचसा दाब आधीच वेगात बदललेला असतो, आणि ब्लेडच्या आतल्या बाजूचा चक्राचा सपाट भाग, डिस्क, तिच्यावर हाच रूटजवळचा कमी दाब पडतो. दाब सगळीकडे मध्यासारखा धरला की डिस्कवरचा जोर उगीचच जास्त दिसतो. व्हिटलचा आकडा कमी का होता त्याचं उत्तर हे. बेअरिंगवरचा वाद आणि ब्लेडचा पीळ ही एकाच दाबाची दोन रूपं आहेत, आणि मला हे प्रकरण इतकं आवडतं ते म्हणूनच. ब्लेडच्या जॉमेट्रीतली चूक त्याने ब्लेडकडे न बघता पकडली.

बीटीएचच्या अनुभवी माणसांना तिशीतल्या हवाई दलाच्या अधिकाऱ्याने टर्बाइन शिकवणं रुचलं नाही आणि दोन्हीकडचे संबंध ताणले गेले. पण गॅस कुणाच्या अनुभवाला मान देत नाही. व्होर्टेक्स धरून पीळ दिलेलं ब्लेड पुढे गॅस टर्बाइनची सर्वसाधारण पद्धत झाली.

जॉमेट्रीची दुसरी बाजू ताकदीची आहे आणि ती व्हिटलला जास्त छळत राहिली. 17,750 फेऱ्यांवर मध्याच्या त्रिज्येला केंद्रोत्सारी त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या 62,000 पटीच्या वर जातं, म्हणजे ब्लेडचा एक ग्रॅम धातू बासष्ट किलोच्या वजनासारखा बाहेर ओढतो, तेही लाल होण्याइतक्या तापमानात. म्हणून इथे सेक्शन एकावर एक कसे रचायचे हा प्रश्न येतो. प्रत्येक सेक्शनचा गुरुत्वमध्य ज्या रेघेवर ठेवतात ती स्टॅकिंग लाइन. ती त्रिज्येच्या दिशेने सरळ असली तर ओढ सरळ रूटमध्ये उतरते, जरा जरी बाजूला झुकली तर रूटला वाकवणारा जोर येतो. परिघाच्या दिशेने झुकवलं तर लीन, कॉर्डच्या दिशेने पुढेमागे सरकवलं तर स्वीप. आजकाल लीन मुद्दाम देतात, कधी गॅसचा जोर आणि ओढ एकमेकांना काट देतील म्हणून तर कधी एंडवॉलजवळचा, म्हणजे ब्लेडच्या दोन्ही टोकांच्या भिंतींजवळचा प्रवाह सुधारण्यासाठी. टिपकडे सेक्शन पातळ आणि छोटा करत नेतात त्याला टेपर म्हणतात, वरचं वजन कमी झालं की रूटचा ताण कमी होतो. ब्लेड डिस्कमध्ये अडकवायची पद्धतही बदलली, पहिल्या इंजिनात ब्लेडचं बूड गोल गोळ्यासारखं होतं, नंतरच्या डब्ल्यू-1 इंजिनात फर-ट्री रूट आलं, दोन्ही बाजूंना दातांच्या जोड्या असलेलं, ज्यात ओढ अनेक दातांवर वाटली जाते. आजच्या टर्बाइनमध्येही तेच दिसतं. डब्ल्यू-1 बसवलेलं ग्लॉस्टर ई-28/39 विमान 15 मे 1941 ला क्रॅनवेलवरून उडालं.

फ्री व्होर्टेक्स हाच शेवटचा शब्द नाही हेही सांगायला हवं. हब-टिप रेशो अजून कमी केला तर रूटची रिअॅक्शन शून्याखाली जाते, म्हणजे फिरत्या ब्लेडमध्ये गॅसचा दाब उलट वाढायला लागतो आणि तिथे प्रवाह सुटतो. वर 24 टक्के आली ती 0.71 साठी, हेच आकडे ठेवून रेशो 0.6 च्या जवळ आणला तर रूटची रिअॅक्शन सात टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणून लांब ब्लेडमध्ये आता स्वर्लचं वाटप मुद्दाम वेगळं ठेवतात, त्याला कंट्रोल्ड व्होर्टेक्स म्हणतात, रूटजवळची रिअॅक्शन वर उचलतात आणि मग अक्षीय वेग उंचीप्रमाणे बदलतो तो हिशोबात धरतात. पीळ त्यामुळे व्हिटलच्या ब्लेडपेक्षा वेगळा येतो.

तुम्ही स्वतः ब्लेड काढायला बसलात तर आधी हब, मिड आणि टिप या तीनच त्रिज्या घ्या आणि प्रत्येकीचा व्हेलॉसिटी ट्रँगल हाताने काढा, सॉफ्टवेअर नंतर. तिन्हीकडची रिअॅक्शन लिहा. मग मेटल अँगल, मग कॅम्बर आणि स्टॅगर, मग ब्लेडची संख्या, पिच, थ्रोट, आणि जाडी सगळ्यात शेवटी, फक्त ट्रेलिंग एज किती पातळ करता येईल हे वर्कशॉपला आधीच विचारून घ्या, कारण तिथला आकडा थ्रोटमधून वजा होतो.